पुस्तक पसंत नाही

मुलगी बघायला येणारे पाहुणे पेढे आणतात, फार तर फळं आणतात. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांनी आठशे बेचाळीस पानांची कादंबरी आणली.

सुरतेत प्लेग येऊन गेला, शहर धुऊनपुसून निघालं, त्यानंतरच्या एखाद-दोन वर्षांतली ही गोष्ट. आम्ही उधन्याला राहत होतो आणि मी पलसाण्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये फोल्डिंग खात्यावर होतो. कच्चं कापड रंगायला जाण्याआधी किती मीटर होतं आणि रंगून, वाळून आल्यावर किती उरलं, हे मापायचं काम आमच्या खात्याचं. कापड आटतं. किती आटलेलं चालेल हे आधी ठरलेलं असतं. त्याहून जास्त आटलं की व्यापारी आणि मालक यांचं भांडण, आणि मध्ये मी. अशा भांडणांमध्ये उभं राहून राहून ‘साधारण’, ‘जवळजवळ’, ‘तसं बरंय’ हे शब्द माझ्या तोंडातून निघेनासे झाले. बायको म्हणते, यांना चहा कसा झालाय विचारलं तर आधी कप किती भरला होता ते सांगतील.

मुलगा हजीऱ्याच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होता. मूळ गाव आमच्यासारखंच खानदेशातलं. त्याचे वडील सुरतेतल्याच एका मराठी शाळेतून निवृत्त झालेले, त्यामुळे सगळे त्यांना गुरुजी म्हणत. पोहे झाले, चहा झाला. मुलाला आणि मुलीला बोलायला गच्चीवर पाठवलं. दोघं खाली आली तेव्हा हसू दाबत होती. बायको मुलीला आत घेऊन गेली आणि दारामागून विचारलं, “कसा वाटला?”

“चालेल.”

“चालेल म्हणजे?”

“म्हणजे आवडला गं आई, हळू बोल ना!”

हे बाहेर सगळ्यांना ऐकू आलं. मुलगा पोह्यांच्या रिकाम्या बशीकडे बघत बसला. त्याची आई प्रसन्न हसली. आता गुरुजी ‘कळवतो’ म्हणतील आणि उठतील, असं मला वाटलं. मुलाकडच्यांनी ‘कळवतो’ म्हणायचं आणि मुलीकडच्यांनी वाट बघायची, हीच रीत. पण गुरुजींनी पिशवीतून तो ग्रंथ काढून माझ्या मांडीवर ठेवला.

“भाऊसाहेब, मुलांचं जुळलं असं दिसतंय. आता आपलं जुळायला हवं. दोन बाप पन्नास वेळा समोरासमोर बसणार, बोलणार काय? ही कादंबरी वाचा. माझी सगळी राजकीय मतं हिच्यातून तयार झाली. तुमचं मत मला हवंय.”

“किती दिवसांत?” मी विचारलं.

“महिना घ्या. त्यानंतरच्या रविवारी आम्ही येतो. त्याआधी फक्त निरोप द्या, पसंत की नापसंत, एका शब्दात. कारणं समक्ष बोलू.”

मला माणूस आवडला. मुदत ठरली, निरोपाचे शब्द ठरले, बाकीचं समक्ष ठरलं. आमच्या धंद्यात इतका स्वच्छ व्यवहार करणारी माणसं थोडी.

दारातून बाहेर पडताना त्यांनी रस्त्याकडे हात केला. “हे शहर बघा. पाच वर्षांपूर्वी इथून नाक धरून जावं लागायचं. एक खमका अधिकारी आला आणि शहर झाडून काढलं. कुणाला विचारत बसला होता का? पुस्तकात हेच आहे.”

पाहुणे गेल्यावर बायको कपाळाला हात लावून बसली. मनापासून वैतागली की ती अहिराणीवर येते.

“पोरनं लगीन करनं शे का तुम्हले परीक्षा देनी शे?”

“दोन्ही दिसतंय,” मी म्हणालो.

“मग आत्ताच फोन करी सांगा, पुस्तक एकदम भारी शे.”

“वाचल्याशिवाय?”

“वाचीसन बी तेच सांगनं शे ना!”

इथे आमचं पटेना. तिचं म्हणणं, एका पुस्तकापायी सोन्यासारखं स्थळ घालवू नका. माझं म्हणणं, आज खोटं ‘छान’ म्हणालो तर पुढे प्रत्येक दिवाळीला एक जाड पुस्तक येईल आणि प्रत्येकाला छान म्हणावं लागेल. खोटं माप एकदा दिलं की पुढचं प्रत्येक माप त्याच्याशी जुळवत बसावं लागतं.  रात्रीच्या जेवणानंतर मुलगी माझ्यासाठी दिव्याखाली खुर्ची सरकवून गेली.

वाचन बहुतेक कंपनीच्या बसमध्ये झालं. उधन्याहून पलसाण्याला जाताना आणि येताना. बसमधली मंडळी आधी हसली. “भाऊ, पोथी लावलीय का?” मग रोज विचारायला लागली, “काल कुठपर्यंत आलं?” मी सांगायचो. दुसऱ्या आठवड्यात ड्रायव्हरसुद्धा आरशातून कान देऊ लागला.

गोष्ट अशी. नदी समुद्राला मिळते तिथलं एक परदेशी गाव पुरात वाहून जातं. उरलेली माणसं सभा भरवतात. सभेत नुसती भांडणं. मग एक इंजिनियर उभा राहतो आणि म्हणतो, माझ्या हातात सगळं द्या. लोक देतात. तो बांध घालतो, घरं उठवतो, नळ आणतो. सभा बंद करतो, कारण जो जाणतो त्यानं ठरवावं आणि बाकीच्यांनी सुखानं राहावं, असं त्याचं तत्त्वज्ञान. मधूनमधून तो भाषणं करतो. एक भाषण पलसाण्याला जाताना सुरू झालं ते परत येऊन उधन्याला उतरलो तरी चालूच होतं. शेवटी गाव सुंदर होतं, कुणी कुणाशी भांडत नाही, आणि इंजिनियर म्हातारा होऊन एका पहाटे एकटाच नदीत चालत जातो. गाव काठावर उभं राहून बघतं. त्याला परत बोलवावं की नाही, हे ज्याला विचारावं असं कुणी उरलेलं नसतं. पुस्तक तिथे संपतं.

खुणेसाठी मी खात्यातल्या कापडाच्या चिंध्या वापरल्या. पटलं तिथे हिरवी, नाही पटलं तिथे लाल. पहिल्या दीडशे पानांत हिरव्या जास्त. पुराचं वर्णन असं की वाचताना तापीचा गढूळ लोंढा डोळ्यांसमोर आला. ओल्या पिठाची भाकरी करायचा प्रयत्न करणारी एक म्हातारी आहे, ती मी अजून विसरलेलो नाही. सभेतली भांडणं तर आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत चिकटवली असती तरी कुणाला शंका आली नसती. चारशेच्या पुढे लालच लागू लागल्या आणि मग पुस्तकाला एका बाजूनं लाल झालरच आली.

एका संध्याकाळी मुलगी चहा घेऊन आली. झालर बघून तिचा चेहरा उतरला.

“बाबा, लाल म्हणजे काय?”

“नापसंत.”

“आणि हिरव्या एवढ्याच?”

“अजून दीडशे पानं बाकी आहेत,” मी धीर दिला.

ती पुस्तक हातात घेऊन उगाच चाळत राहिली. “बाबा, खोटं बोलू नका. तुम्हाला ते जमतही नाही. फक्त जरा हळू बोला.”

तिच्या त्या बोलण्यानं मी शेवटची दीडशे पानं दोनदा वाचली. कुठे हिरवी लावता येते का, हेच शोधत होतो. दोन लावल्या. तिसरी लावायला हात धजेना.

मुदत संपायच्या आधीच्या शुक्रवारी मी नाक्यावरच्या पीसीओमध्ये गेलो. गुरुजींकडे फोन नव्हता. त्यांच्या खालच्या मजल्यावर एक गुजराती बेन राहायच्या, त्यांचा नंबर गुरुजींनी दिला होता. रस्त्यावर ट्रकची रांग, हॉर्न, आणि मी एका कानात बोट घालून माझ्या पलसाण्याच्या गुजरातीत ओरडलो, “बेन, उपरवाळा गुरुजीने कहेजो, पसंद नथी. बाकीनी वात रविवारे रूबरू.”

“हाय हाय!” पलीकडून आवाज आला. पुढचं ट्रकच्या हॉर्नमध्ये गेलं. एवढ्या कळवळून म्हणाल्या की मला वाटलं, बेननीही पुस्तक वाचलेलं दिसतंय.

जे ठरलं होतं ते जसंच्या तसं सांगितलं, म्हणून मी समाधानानं घरी आलो. बायकोला सांगितलं. त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं आणि कुणी तसं म्हटलंही नाही.

रविवारी गुरुजी आले. बरोबर मुलाची आई. मुलगा नव्हता. बाई खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या, पदर घट्ट आवळून. मुलीनं पाण्याचा ट्रे पुढे केला.

“पाणी नको,” बाई म्हणाल्या.

सुरतेच्या उन्हातून आलेलं माणूस पाणी नको म्हणतं, तेव्हा काहीतरी बिनसलेलं असतं. मुलगी ट्रे घेऊन तशीच आत गेली.

गुरुजी म्हणाले, “निरोप मिळाला. पुस्तक न्यायला आलो.”

“बसा तर खरं. कारणं समक्ष बोलायचं ठरलंय ना?”

“कारणं कशाला?” बाई म्हणाल्या. “नापसंत म्हणजे नापसंत. आम्हाला ऐकायचीच नाहीत.”

“नाही ताई, असं कसं? उगाच नाव ठेवणारा माणूस नाही मी. सगळंच वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. सुरुवात चांगली झाली. मला खटकला तो माणूसच.”

“काय खटकलं त्याच्यात?”

“हुशार आहे, कष्टाळू आहे, हात लावील ते काम करून दाखवतो. पण बोलतो फार. एकदा सुरू झाला की दुसऱ्याला तोंड उघडू देत नाही.”

बाईंनी गुरुजींकडे बघितलं. “फार बोलतो? घरात दहा वेळा विचारलं तर एकदा हूं म्हणतो तो!”

मला वाटलं, बाईंनी फारसं वाचलेलं दिसत नाही. मी समजावून सांगायला लागलो. “आणि घमेंड किती! जगातली सगळी अक्कल एकट्याला, बाकीचे सगळे बिनडोक. कुणाला काही विचारायचंच नाही.”

“गच्चीवर काय बोलला तो तुमच्या मुलीला?” बाईंचा आवाज चढला. “सांगा! आत्ता सांगा!”

“गच्चीवर?” मी गोंधळलो. “मुलीचा काय संबंध? अहो, इतकं सगळं करून शेवटी सगळ्यांना वाऱ्यावर सोडतो आणि एकटाच नदीत चालत जातो!”

“अगं बाई!” बाई उभ्याच राहिल्या. “कोण गेला नदीत? तो फर्स्ट शिफ्टला गेलाय हजीऱ्याला!”

 पहिल्यांदा गुरुजींच्या लक्षात आलं. त्यांनी चष्मा काढला, डोळ्यांवर हात धरला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं रडतायत.

“भाऊसाहेब,” ते कसेबसे म्हणाले, “तुम्ही इंजिनियरबद्दल बोलताय.”

“मग आणखी कुणाबद्दल बोलणार?”

“आमच्या खालच्या बेन वर धावत आल्या,” बाई म्हणाल्या, “आणि म्हणाल्या, दीकरीवाळा ना पाडे छे! मुलीकडचे नाही म्हणतायत! दोन दिवस माझ्या घशाखाली घास नाही.”

आतल्या दारात बायको उभी होती. तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती लिहून दाखवता येत नाही. “‘पुस्तक’ एवढा एक शब्द जास्तीना बोलतात तं काय पीसीओवाला मारता का?” ती म्हणाली. हे बाईंना पुरतं कळलं आणि पटलंही. त्याही खानदेशातल्याच. त्या खुर्चीत मागे टेकून नीट बसल्या, पदरानं कपाळ टिपलं आणि आत बघून म्हणाल्या, “बाई, आण गं आता पाणी.”

मुलीनं आणलेलं पाणी त्या दोन ग्लास प्यायल्या.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं, असं बायको अजून म्हणते. पण गुरुजींनी पुस्तक हातात घेतलं, त्यातून लोंबणाऱ्या चिंध्या बघितल्या आणि ते गंभीर झाले. एकेक पान उघडून त्यांनी बोटानं चिंधी चाचपली.

“लाल म्हणजे?”

“नाही पटलं.”

“बऱ्याच आहेत.”

“हो.”

बायकोनं मागून घसा साफ केला. मुलगी तिच्या मागे उभी. तिनं हळू बोला म्हटलेलं मला आठवत होतं, म्हणून आवाज खाली घेतला, पण माप बदललं नाही.

“गुरुजी, कादंबरी म्हणून उत्तम आहे. पूर, ती म्हातारी, शेवटची नदी, हे विसरता येणार नाही. पण तिचं राजकारण मला पसंत नाही. आमच्याकडे कापड रंगवणारा खातेप्रमुख कितीही हुशार असला तरी त्यानं रंगवलेलं कापड त्यानंच मापायचं, असं कधी चालत नाही. तो चोर असतो म्हणून नाही. आपलं कापड आपल्याला आटलेलं दिसतच नाही म्हणून. या इंजिनियरनं बांधही घातला आणि बांध चांगला आहे हेही त्यानंच ठरवलं. आठशे पानांत एक माणूस येऊन म्हणत नाही, साहेब, माझ्या नळाला पाणी येत नाही. असं गाव असतं का कुठे?”

“आणि आपलं शहर?” गुरुजी पुढे सरकले. त्यांचे डोळे चमकायला लागले होते. “ते कुणी सुधारलं? सभेनं?”

“अधिकारी चांगलाच होता. मी स्वतः त्याचं कौतुक करतो. पण आमच्या गल्लीतलं गटार तुंबलंय हे त्याला कुणी सांगितलं? आम्हीच. पाच अर्ज केले. त्यानं ऐकलं, हे त्याचं मोठेपण. आणि त्याची बदली व्हायची ती झालीच, तो काही नदीत गेला नाही. शहर राहिलं ना जाग्यावर? तुमच्या इंजिनियरच्या मागे गावाला साधं ‘परत या’ म्हणता येईना. मला तर वाटतं, लेखकालाही शेवटी हे कळलं होतं. फक्त त्यानं ते उघड सांगितलं नाही.”

गुरुजींनी पुस्तक मिटलं. मी मनात म्हटलं, गेलं स्थळ.

मग ते म्हणाले, “नाही पटत मला. पण भाऊसाहेब, हे पुस्तक मी आजवर किती जणांना दिलं असेल. सगळ्यांनी ‘छान आहे गुरुजी’ म्हणून आठवड्यात परत केलं. शेवट कसा वाटला विचारलं की म्हणायचे, गोड आहे.” त्यांनी झालरीवरून हात फिरवला. “इतकं कुणी भांडलंच नाही माझ्याशी. शेवटाचं तुम्ही म्हणता ते मी बघतो पुन्हा. बाकी तुमचं मत चूक आहे, एवढं नक्की.”

“चूक असू द्या. पण गंमत बघा गुरुजी. ज्या गावात कुणालाच मत नाही, त्याबद्दल तुम्ही मात्र घरोघर मत मागत फिरताय!”

मत म्हणजे विचार आणि मत म्हणजे मतपेटीत टाकायचं तेही, आपल्या भाषेनं दोन्हीला एकच शब्द ठेवलाय, हे माझ्याही त्याच वेळी लक्षात आलं. गुरुजी उत्तर द्यायला पुढे सरसावले, तेवढ्यात दारातून मुलगी म्हणाली,

“मग माझं मत कुणी घेणार आहे का?”

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिचा चेहरा लाल झाला, पण ती मागे सरली नाही.

“मुलगा पसंत. पुस्तक मी वाचलं नाही, म्हणून त्याच्यावर मत नाही. पण एक सांगते, पुढच्या वेळी फोन मी करणार.”

“माझंही तेच,” मुलाची आई म्हणाली. “मुलगी पसंत. पुस्तक लग्न झाल्यापासून कपाटात बघतेय, उघडलं नाही कधी. दिवाळीला झटकते तेवढं.”

“मना बी हात वर,” बायको म्हणाली आणि खरोखरच हात वर केला. हातात उलथणं होतं.

गुरुजींनी सगळीकडे नजर फिरवली. “म्हणजे माझ्या स्वतःच्या माणसांतसुद्धा सभा भरायला लागली,” ते म्हणाले. “मतदानाची ही पद्धत मला मान्य नाही. निकाल मान्य आहे.” मग त्यांनी माझ्या हातावर टाळी दिली आणि म्हणाले, “व्याही, साखर आणा आता.”

लग्न उन्हाळ्यात झालं. पुस्तक गुरुजींनी त्या दिवशी नेलंच नाही. “पुन्हा वाचा, लाल कमी होतील,” म्हणाले. मी पुन्हा वाचलं. चार लाल काढल्या, त्यांच्या मागणीवरून नाही, खरंच चुकीच्या लागल्या होत्या म्हणून. एक नवीन लावली. प्रत्येक दिवाळीला ते येतात, चिंध्या मोजतात आणि आम्ही बोलायला बसतो. पन्नास वेळा पुरेल एवढं बोलणं त्यात निघालं, हे त्यांचं म्हणणं मात्र खरं ठरलं.

आमच्या घरात त्या रविवारपासून एक नियम झाला. नुसतं ‘पसंत नाही’ कुणी म्हणायचं नाही. काय, ते आधी सांगायचं. जावईबापू पहिल्या दिवाळीला जेवायला बसले. वांग्याची भाजी तोंडात घातली आणि एवढंच म्हणाले, “पसंत नाही.” बायकोचा हात वाढता वाढता थांबला. मुलगी ताटावरून नवऱ्याकडे बघायला लागली. तेव्हा तो कमी बोलणारा मुलगा घाईघाईनं म्हणाला,

“मीठ. मीठ पसंत नाही. बाकी सगळं पसंत आहे.”